कुणाला विचारू?

१२ मेला परिचारिका दिन येतो आणि मागोमाग एक व्याख्यान येतं. अशाच एका कार्यक्रमात समुपदेशक सिस्टरांना चार अंक मोजत श्वास घ्यायला शिकवत होते. विषय होता ‘साथीच्या काळातील मनोबल’. समोरच्या कित्येक जणींनी २०२१च्या एप्रिलमधल्या रात्री दुसऱ्यांचे श्वास मोजण्यातच काढल्या होत्या.

थाळ्या वाजवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तो एका संध्याकाळचा उत्साह होता. पगार आणि कंत्राटाचा मुद्दा तर उघडच खरा आहे. मला खटकतो तो मनोबलाचा पंथ, कारण त्यात भली माणसं आहेत. ती म्हणतात, ताण सगळ्यांनाच असतो; काही टिकतात, काही मोडतात; तेव्हा टिकायला शिकवू या. म्हणजे मोडली ती मुलगीच कच्ची! जिथे ती उभी होती त्या जागेकडे कुणी बघायचं नाही.

३ मे २०२१ रोजी केंद्राने अंतिम वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना कोविड ड्यूटी द्यायला मुभा दिली. अट होती ज्येष्ठांच्या देखरेखीची. जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची त्याच महिन्यात एका कोविड केंद्राच्या तातडीच्या कक्षात गेली. तिसऱ्या रात्री एका आजोबांचं सॅच्युरेशन ८८वरून ८१वर आलं. फ्लोमीटरची गोळी १५वर, पण मास्कखालची पिशवी चपटी. दाब कमी झालाय? झडप बिघडलीय? हिने मान वर केली. चष्म्यावर वाफ, चहूकडे एकसारखे पांढरे पोशाख, पाठीवर मार्करने लिहिलेली नावं. पण नावावरून अनुभव थोडाच कळतो? शेवटी शेजारच्या खाटेवरून एक ब्रदर आले. पिशवीची मान पिळली गेली होती, ती त्यांनी सरळ केली. दहा सेकंदांचं काम.

“मामा, भीती पेशंटची नाही वाटली. कुणाला विचारू, तेच कळेना,” ती म्हणाली.

चार अंकी श्वासाने ती पिशवी फुगली असती का?

साधनं उपयोगी नाहीत असं मी म्हणत नाही. ध्यान करा, झोप घ्या, रडावंसं वाटलं तर रडा. पण कामाचा ताण आणि विचारायला कुणी नसल्याचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जुन्या सिस्टरलाही येतो आणि विश्रांतीने उतरतो. दुसरा नव्या मुलीलाच येतो आणि घरी गेल्यावर वाढतो, कारण ‘मी चुकले का’ याचं उत्तर द्यायला तिथेही कोणी नसतं. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली ‘नैतिक क्लेश’ सांगितला तो योग्य काय ते कळूनही करता न येण्याचा. इथे योग्य काय तेच कळत नव्हतं.

एरवी कॅज्युअल्टीत नवी मुलगी इन्चार्ज सिस्टरच्या मागे-मागे फिरते, ओरडा खाते, शिकते. साथीत नवे कक्ष उघडले, जुन्या सिस्टर विखुरल्या, आणि उरल्या त्यांच्या वाट्याला स्वतःच्याच खाटा इतक्या आल्या की देखरेख कागदावर राहिली.

पुढच्या साथीची ड्यूटी-यादी करणाऱ्यांना एकच विनंती. प्रत्येक पाळीत एका जाणत्या सिस्टरचं नाव फक्त विचारण्यासाठी लिहा. तिच्या नावापुढे खाटेचा नंबर टाकू नका.