शेड नंबर

।। श्री गुरुदेव दत्त ।।



मागच्या वर्षी आमच्या वडोदऱ्याच्या घरात देवघर आणि पुढच्या खोलीत नवीन लादी बसवली. मोरबीचा माल, फिका बदामी रंग. काम झालं आणि सकाळच्या उन्हात बघते तर खिडकीजवळच्या दोन ओळी पिवळट! मला राग आला. कडियाच्या मजुरीतले दोन हजार रुपये मी कापले. तो एवढंच म्हणाला, "बेन, मी तर विचारलं होतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दिवाळीच्या सफाईत उरलेल्या लाद्यांच्या दोन पेट्या निघाल्या. डिझाइन एकच, पण शेड नंबर वेगळे. मग सगळं आठवलं. माल कमी पडला म्हणून मीच मागाहून पेट्या मागवल्या होत्या, फोनवर नुसतं डिझाइनचं नाव सांगून. कडियाने दोन लाद्या शेजारी ठेवून दाखवल्याही होत्या. मीच म्हटलं होतं, "चालेल, लावून टाका, संध्याकाळी सत्संग आहे."

लादी म्हणजे शेवटी माती. हजार अंशांच्या वर भट्टीत भाजतात. मातीचा लॉट बदलला, भट्टीचा ताप थोडा इकडेतिकडे झाला, की रंगात फरक येतो. म्हणून तर पेटीवर शेड आणि बॅच नंबर छापतात. खडबडीत लादी तर उजेडाच्या दिशेप्रमाणेही वेगळी दिसते. म्हणून एकाच बॅचचा माल थोडा जास्तीचा घ्यावा, दिवसाच्या उजेडात बघावा आणि सिमेंट लावण्याआधी कोरडाच मांडून पाहावा.

आता प्रश्न असा, की वेगळेपण दिसलं तर काय करायचं? "सगळं त्याचंच रूप, स्वीकारा" असं आपण पटकन म्हणतो. पण तडा गेलेली लादीही स्वीकारायची का? नाही. ती परतच करायची. दुकानदाराने जाणूनबुजून वेगळा माल खपवला तर बोलायलाही हवं. स्वीकार म्हणजे डोळे मिटणं नव्हे. मातीचा स्वभाव कुठला, कुणाचा निष्काळजीपणा कुठला आणि लबाडी कुठली, हे ओळखणं म्हणजे विवेक. मी स्वतःच्या निष्काळजीपणाला दुसऱ्याची चूक म्हटलं, आणि पैसे कुणाचे कापले? ज्याला उलटून बोलता येत नाही त्याचे.

चांगला कारागीर तीन-चार पेट्या फोडून लाद्या मिसळून लावतो. मग थोडा फरक सगळीकडे पसरतो आणि जमीन जिवंत वाटते. एकेक पेटी संपवत गेलं की मात्र डाग पडतो. घरातही असंच आहे. सुना, जावया, नातवंडं, सगळ्यांची भट्टी वेगळी. एकाला बाजूला काढलं की तोच डोळ्यांत खुपतो.

कडियाला बोलावून पैसे परत दिले आणि माफी मागितली. त्याने पैसे मोजले, खिशात घातले आणि म्हणाला, "त्या महिन्यात गरज होती, बेन." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत देता आले, तो महिना नाही.

त्या दोन ओळी मी बदलल्या नाहीत. रोज जपाला तिथेच आसन टाकते. कुणाला बोल लावण्याआधी आपल्या पेटीवरचा नंबर वाचायचा, एवढं त्या मला आठवण करून देतात.

जय गुरुदेव 🙏