चेंडू कुणाच्या मापाचा?

टेनिसची खासगी शिकवणी गुणवान मुलांसाठी असते, बाकीच्यांनी बॅचमध्ये शिकावे, हा समज आपल्याकडे पक्का आहे. मला तो उलटा वाटतो. गुणवान मूल बॅचमध्येही पुढे जाते. बरोबरीचे किंवा थोडे वरचढ खेळाडू समोर आले की त्याचे निम्मे काम होते. कोचने एकट्याला वेळ देण्याची खरी गरज असते ती सरासरीत न बसणाऱ्याला. सात वर्षांची मुलगी, पंचेचाळिशीत पहिल्यांदा रॅकेट धरणारा नोकरदार, गुडघा बदललेले आजोबा, व्हीलचेअरवरून खेळणारा तरुण. बॅच कुणातरी मधल्या खेळाडूसाठी बेतलेली असते, आणि हा मधला खेळाडू पुष्कळदा त्या बॅचमध्ये नसतोच.

माप चुकले की काय होते, ते चेंडूच सांगतो. नियमाप्रमाणे नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून टणक जमिनीवर सोडला, तर तो साधारण १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. सात वर्षांच्या मुलीची उंचीच जेमतेम १२० सेंटिमीटर. डोक्यावरून जाणारा चेंडू परतवायला ती मनगट वळवते, पकड फिरवते, आणि तीच पकड अंगवळणी पडते. पुढे कोच ‘पकड सुधार’ म्हणून कितीही ओरडला, तरी चूक तिची नसते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये संथ चेंडूंची मोहीम सुरू केली आणि २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांतून हा पिवळा चेंडू बादच केला. अगदी लहानांसाठी सुमारे ७५ टक्के संथ असा लाल चेंडू आला, आणि २३.७७ मीटरच्या कोर्टाऐवजी ११ मीटरचे. व्हीलचेअर टेनिसने हे शहाणपण त्याआधीच दाखवले होते. तिथे कोर्ट, जाळी, चेंडू सगळे तेच. फक्त चेंडूला दोन टप्पे पडू देण्याची मुभा. समोर उभा राहून खेळणारा असला तर त्याला एकच टप्पा. एवढ्या एका बदलाने दोघांत खरा सामना होतो.

म्हणून खासगी तासाची किंमत मी कोच किती बोलतो यावर ठरवणार नाही. समोरच्याकडे कोणता चेंडू, किती वेगाने, कुठे यावा, हे तो कसे ठरवतो ते पाहावे. इथेच बहुतेक तास फसतात. टोपली भरून चेंडू, जाळीपाशी उभा कोच, एकाच जागी एकसारखे पन्नास फोरहँड. तास संपताना फटके झकास बसू लागलेले असतात, पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात मात्र वेगळेच दिसले. एकच कृती सलग करणारे सरावात सरस ठरले. कृती अदलून बदलून करणाऱ्यांना ती पुढे अधिक चांगली आठवली. तो प्रयोग प्रयोगशाळेतला, टेनिसचा नव्हे, आणि खेळाच्या मैदानावर असे निष्कर्ष प्रत्येक वेळी तितके ठळक दिसत नाहीत. तरीही तासाच्या शेवटचा समाधानी चेहरा हा शिकण्याचा पुरावा नव्हे, एवढे त्यातून नक्की घेता येते. उलट जिमखान्यातला जुना मार्कर, जो सदस्याच्या कुवतीप्रमाणे कधी हळू, कधी कोपऱ्यात, कधी मुद्दाम अवघड चेंडू देत रॅली चालू ठेवतो, तो कोणताही अभ्यासक्रम न मांडता नेमके हेच करत असतो.

टेनिस दोघांचा खेळ, तो एकट्याने कसा शिकणार, असा आक्षेप येईल. तो बराचसा खरा आहे. कोचच्या आज्ञाधारक चेंडूंना सरावलेला खेळाडू अनोळखी प्रतिस्पर्ध्याच्या वेड्यावाकड्या फटक्यांपुढे गडबडतो. त्यामुळे खासगी तास थोडेच असावेत आणि एका तासापासून दुसऱ्या तासापर्यंतच्या काळात सामने व्हावेत. मोठेपणी शिकून काय होणार, या प्रश्नाला त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात पहिला आलेल्या रोहन बोपण्णाचे नाव पुढे करण्याचा मोह मी टाळतो. तो आयुष्यभराचा व्यावसायिक होता. पंचेचाळिशीच्या नवशिक्याला क्रमवारी नको असते, रविवारी दुहेरीत लाज न वाटता दोन सेट खेळायचे असतात, आणि तेवढे नक्की साधते.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा. एकट्याचा तास महाग, आणि ज्यांना तो सर्वाधिक हवा त्यांतल्या अनेकांना तो परवडत नाही. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण दोघांनी मिळून एक तास घेतला, तर खर्च निम्मा होतो आणि समोर माणूसही मिळतो. शिवाय मापाचे सगळेच काही कोचच्या फीवर अवलंबून नसते. दुहेरीच्या कोर्टाची रुंदी १०.९७ मीटर, म्हणजे लाल चेंडूच्या कोर्टाच्या लांबीएवढीच. एका मोठ्या कोर्टावर आडवी चार छोटी कोर्टे सहज आखता येतात. त्यासाठी खडू आणि लांब दोरी लागते, आणि ही कोर्टे आखू द्यायला राजी असलेला क्लबचा सचिव.