नीरोचं पत्र कोणी लिहिलं?

नीरो म्हटलं की रोम जळत असताना फिडल वाजवणारा राजा आठवतो. फिडल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, आणि इ.स. ६४ची ती आग लागली तेव्हा नीरो अँटियमला होता. मला आगीपेक्षा त्याआधीचं एक पत्र जास्त छळतं.

इ.स. ५९मध्ये नीरोने स्वतःच्या आईला, अग्रिपिनाला, मारलं. आधी समुद्रात मोडून पडेल अशी बोट बनवून घेतली. ती पोहून वाचली, मग मारेकरी पाठवले. त्यानंतर सिनेटला पत्र गेलं: आईनेच माझ्यावर मारेकरी घातला होता, त्याची शिक्षा तिने भोगली. नाव नीरोचं, शब्द सेनेकाचे. इतिहासकार टॅसिटसच्या लिखाणातून तरी तसंच दिसतं.

सेनेका म्हणजे तोच, ज्याची मनःशांतीवरची वाक्यं आज आपल्या मोबाइलवर फिरतात. नीरो १६व्या वर्षी गादीवर आला तेव्हा राज्य खरं तर त्याचा हा गुरू आणि सेनापती बुरस चालवत होते, आणि बरं चालवत होते. राजाने दयाळू का असावं, यावर सेनेकाने नीरोसाठी ग्रंथही लिहिला.

मग तो थांबला का? ‘मी गेलो तर माझ्या जागी आणखी वाईट माणूस येईल’ म्हणून? हे निव्वळ निमित्त नव्हतं. ६२मध्ये बुरस मेला आणि खरंच टिगेलिनस आला, क्रूर आणि खुशमस्कऱ्या.

पण थांबण्याची किंमत म्हणजे ते पत्र. ते खरं कोणालाच वाटलं नाही; सिनेटला मान डोलवायला सभ्य भाषा तेवढी मिळाली. आमच्या कामात कोडवर भरवशाच्या माणसाची मंजुरी दिसली की बाकीचे नीट वाचतही नाहीत. इथे तर सगळ्यांनी वाचलं होतं, आणि तरी देवांचे आभार मानायचा ठराव केला.

थ्रासिया नावाचा एक सदस्य तेवढा उठून बाहेर गेला. टॅसिटस त्यावरही खवचटपणे म्हणतो की त्याने स्वतःचा जीव धोक्यात घातला, पण इतरांना स्वातंत्र्य काही मिळालं नाही. हिशेब बरोबर आहे. तरी त्या सभेत मला जागा निवडायची असती, तर त्याच्या शेजारची निवडली असती.

सेनेकाने नंतर सगळी संपत्ती परत देऊन निवृत्ती मागितली. नीरोने मिठी मारून नकार दिला, आणि ६५मध्ये मरायचा हुकूम पाठवला. पुढच्याच वर्षी थ्रासियाचीही पाळी आली.

६८मध्ये सिनेटने नीरोला देशाचा शत्रू ठरवलं. रोमबाहेरच्या एका घरात त्याने गळ्याला सुरी लावली, तेव्हा मदतीला होता एपाफ्रोडिटस, त्याच्याकडे येणारे अर्ज सांभाळणारा सचिव.