पंखाखाली



16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा आपल्या गावालाही पंख फुटले असे आपण कौतुकाने म्हणालो. मात्र घरातला मुलगा पुण्याला नोकरी धरतो, मुलगी स्वतःचा निर्णय स्वतः घेते, तेव्हा "यांना आता पंख फुटले" हेच शब्द आपण रागाने उच्चारतो. असे का व्हावे?

आपल्या भाषेत पंखाचा गोतावळा मोठा आहे. संस्कृतात 'पक्ष' म्हणजे पंख. त्यावरूनच पक्षी, चंद्राचे दोन पक्ष, निवडणुकीतले पक्ष आणि पक्षपात हे शब्द आले. छपराच्या उताराला जुनी माणसे पाख म्हणतात. अकोल्याच्या उन्हाळ्यात ज्याच्यावाचून जीव कासावीस होतो तो पंखाही याच कुळातला. म्हणजे पंख उडण्यासाठी आहे, तसा आसऱ्यासाठीही आहे.

बायबलच्या हिब्रू भाषेत 'कानाफ' म्हणजे पंख, आणि वस्त्राचा काठही. तू देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस, असे बवाज रूथला सांगतो (रूथ 2:12). पुढच्याच अध्यायात ती त्याला विनवते, की तुझे वस्त्र माझ्यावर पसर (3:9). मुळात शब्द तोच आहे. देवाच्या पंखांचा दिलासा देणाऱ्या बवाजला शेवटी स्वतःच पंख व्हावे लागले.

आपल्याकडे या पंखाला पदर म्हणतात. आई तो लेकरावर पांघरते. पण त्याच पदराला लेकरू बांधूनही ठेवता येते. मग माया कुठे संपते आणि बंधन कुठे सुरू होते?

प्रभू येशूचा यरुशलेमसाठीचा विलाप आठवू या (मत्तय 23:37). कोंबडी पिलांना घेते तसे त्याला त्या लोकांना जवळ घ्यायचे होते. त्यांची इच्छा नव्हती. प्रभू रडला, पण त्याने कोणाला ओढून आणले नाही. अंगणातली कोंबडी पाहा. घार दिसताच ती हाक देते, पंख पसरते. पण पंखाला बोटे नसतात. त्याने झाकता येते, पकडता येत नाही. पिलू आपल्या पायांनीच आत येते.

हाक देणे मात्र थांबवायचे नाही. चूक दिसली तर सांगायचे, आणि पंख उघडा ठेवायचा. मिस्साला न येणाऱ्या तरुणांवर आम्ही धर्मगुरूही रागावतो. हा धडा आमच्यासाठीही आहे. या आठवड्यात दूरच्या लेकराला फोन करताना "कधी येतोस?" याच्या आधी "कसा आहेस?" असे विचारू या.

प्रभूच्या पंखांची सावली आपणा सर्वांवर राहो.