अबोला म्हणजे मौन नव्हे

अमेरिकेतल्या चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयाचा अभ्यास डॉ. स्टँटन आणि समाजशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांनी १९५४ साली पुस्तकात मांडला. रुग्ण एकाएकी बिथरला, की बहुधा त्याची काळजी घेणाऱ्या दोघांत त्याच्यावरूनच मतभेद असायचे, तेही न बोललेले. दोघं मोकळेपणानं बोलले, की रुग्णही निवळायचा.

आपणही घरातल्या आजारी माणसाच्या औषधावरून, पथ्यावरून आतल्या आत धुमसतो. वरून सगळं छान! "त्याला काय कळतंय?" म्हणतो. शब्द कळत नसतील, धग पोचतेच. मग सोसतो तो, आणि आपण म्हणतो, आजार वाढला.

वाद टाळला म्हणजे शांती राखली का? मौनात मन हलकं होतं, अबोल्यात जड. आज आरतीनंतर तो एक विषय शांतपणे काढूया.