रोगाची खूण

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा मुलगा कॉलेजांत असतांना हळूहळू एकलकोंडा झाला, आणि पुढें त्याला कोणी न काढलेले आवाज ऐकूं येऊं लागले. डॉक्टरांनीं रोगाचें नांव स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असें सांगितलें. रक्त तपासलें, मेंदूचें चित्र काढलें. त्यांत कांहींच निघालें नाहीं. तेव्हां त्या गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “प्रोफेसरसाहेब, कागदावर सारें ठीक आहे, मग हा रोग म्हणावा कीं ढोंग?” ज्या दुःखाला पुरावा नाहीं तें खरें मानावें काय, असा हा प्रश्न आहे, आणि तो त्यांचा एकट्यांचा नाहीं.

हा पुरावा शोधण्याचा उद्योग शंभराहून अधिक वर्षें चालू आहे. त्यामागील आशा निराधार नव्हती. एके काळीं वेड्यांच्या इस्पितळांत पक्षाघातासह येणाऱ्या एका वेडाचे रोगी पुष्कळ असत. इ. स. १९१३ मध्यें नोगुची व मूर यांनीं अशा रोग्यांच्या मेंदूंत उपदंशाचे जंतू दाखवून दिले, आणि त्या वेडाचें गूढ उकललें. छिन्नमनस्कतेचेंही असेंच एखादें बीज हातीं लागेल, असें विद्वानांस वाटलें तर नवल नाहीं. इ. स. १९६२ मध्यें या रोग्यांच्या मूत्राच्या परीक्षेंत एक गुलाबी ठिपका उमटतो, असें प्रसिद्ध झालें. मोठी खळबळ उडाली. परंतु पुढें तो ठिपका निरोगी माणसांतही आढळला, आणि त्याचें मूळ आहारांत, चहासारख्या पेयांत, असावें असा संशय बळावला. वेडाचा माग काढावा आणि हातीं चहाचा पेला यावा, अशी ही गत!

नंतरचे शोध अधिक टिकाऊ ठरले. इ. स. १९७६ मध्यें ईव्ह जॉन्स्टन व त्यांचे सहकारी यांनीं सी. टी. स्कॅनच्या साहाय्यानें जुन्या रोग्यांच्या मेंदूंतील द्रवाच्या पोकळ्या सरासरीनें मोठ्या असतात, असें दाखविलें. इ. स. २०२२ मध्यें या रोगाशीं संबंध असलेलीं २८७ आनुवंशिक स्थळें प्रसिद्ध झालीं. परंतु सरासरी ही समूहाची असते. कित्येक रोग्यांच्या मेंदूंतील पोकळ्या निरोगी माणसांसारख्याच असतात, आणि त्या आनुवंशिक स्थळांपैकीं बहुतेकांचा वांटा अगदीं अल्प आहे. म्हणून आजही रोग्याचें म्हणणें ऐकून आणि त्याचें वर्तन पाहूनच डॉक्टर निदान करितात.

खूण सांपडावी, असें आम्हांसही वाटतें. उपचार लवकर सुरू होतील, हा एक लाभ. निरपराध्यांवरील आळ टळेल, हा दुसरा. इ. स. १९४८ मध्यें फ्रीडा फ्रॉम-राइखमन या विदुषीनें आईच्या वागण्यास या रोगाशीं जोडणारा एक शब्दप्रयोग रूढ केला, आणि आधींच पोळलेल्या कित्येक मातांच्या माथीं दोष आला. परंतु रोग देहाचा ठरला म्हणजे करुणा आपोआप येते, असेंही नाहीं. जर्मनींत इ. स. १९३३ च्या कायद्यानें हा रोग आनुवंशिक ठरवून रोग्यांचें सक्तीनें निर्बीजीकरण आरंभिलें, आणि इ. स. १९४० पासून सहस्रावधि मनोरुग्णांना विषारी वायूनें ठार मारिलें. तेथें खूण सांपडलेलीही नव्हती. ती रक्तांत आहे, एवढी समजूत पुरली.

तात्पर्य, शरीरांत काय बिघडलें हें खूण सांगेल. बिघडलेल्या माणसाशीं कसें वागावें, हें ती सांगणार नाहीं. तें ठरविण्याचें काम आमचेंच राहील. आम्हीं त्या गृहस्थांस इतकेंच सांगितलें कीं, “आपल्या मुलाला आवाज ऐकूं येतात, हें तो सांगतो, तो भितो, हें आपण पाहतां. डॉक्टरांजवळही याहून मोठा पुरावा नाहीं. औषध चुकवूं नका, आणि त्याचें म्हणणें खोटें ठरवूं नका.” ते बराच वेळ स्तब्ध बसले. मग उठतांना म्हणाले, “आज घरीं गेल्यावर त्याच्याजवळ जरा बसतों.”