दोन वेशी

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळून १३३८ साली संत चोखामेळा यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. ज्या गावकुसाच्या आत त्यांना घर नव्हते, तेच उभारताना त्यांनी प्राण गमावला. संरक्षणासाठी घातलेली भिंत कुणाला तरी बाहेर ठेवतेच.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्येही निसर्गाने अशीच एक वेस घातली आहे. ती विषारी द्रव्ये रोखते, तशीच अनेक औषधेही अडवते. कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सच्या विकारात, मेंदूतील डोपामिन घटते. ते बाहेरून दिले, तर वेशीवरच अडते. १९६०च्या दशकात यावर तोड निघाली. लेव्होडोपा हे द्रव्य वेशीतून आत जाते व तेथे त्याचे डोपामिन बनते. काही वर्षांनी मात्र या गोळीचा परिणाम कमीअधिक होऊ लागतो. म्हणून नव्या वाटा शोधल्या गेल्या. मेंदूत तारा बसवून विद्युत्स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया मुंबईत जसलोकसारख्या रुग्णालयांत होते. त्वचेखालून अहोरात्र औषध सोडणाऱ्या एका नव्या पंपाला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. ध्वनिलहरींनी ही वेस काही काळ उघडण्याचे प्रयोगही चालू आहेत.

औषध मेंदूपर्यंत पोहोचले. माणसापर्यंत पोहोचले काय? मंगळवेढ्याच्या शिवारात एखाद्या वृद्धाचा हात थरथरू लागला, तर 'वय झाले' म्हणून विषय संपतो. तज्ज्ञाला गाठायचे, तर प्रवासखर्च करायचा आणि सोबत येणाऱ्याचा रोजगारही बुडवायचा. ही दुसरी वेस निसर्गाने घातलेली नाही. उपाय नसणे हे दुर्दैव होय. उपाय असून तो न पोहोचणे हा अन्याय होय.

मग जुनी गोळी सर्वांना मिळेपर्यंत संशोधन थांबवावे काय? मुळीच नाही. ज्याला गोळी पुरेशी पडत नाही, त्याचे दुःखही तितकेच खरे आहे. परंतु पहिली वेस ओलांडण्याचे काम शास्त्रज्ञांचे असले, तरी दुसरी ओलांडण्याचे काम शेजाऱ्याचे आहे. गोळी ठरल्या वेळी घ्यावी लागते. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतल्यास तिचा परिणाम मंदावू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेले हे पथ्य थरथरत्या हाताच्या माणसाकडून पाळून घेण्यास शल्यविशारद लागत नाही. त्याच्या दारापर्यंत जाणारे कुणीतरी लागते.